हिवाळी पदभ्रमण : बुलढाण्याच्या डोंगरवाटा, नियोजन आणि पोशाख

विदर्भाचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो उन्हाळा. वऱ्हाडातील थंडीचा विचार सहसा कोणी करीत नाही. याच समजुतीमुळे डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातील डोंगरांकडे निघणारे विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी तरुण अंगावर एक सुती सदरा आणि पायांत चपला एवढ्याच तयारीने घराबाहेर पडताना दिसतात. दुपारच्या उन्हात ही तयारी पुरेशी वाटते. पण सूर्य कलला, वारा सुटला आणि घामाने भिजलेला सदरा पाठीला चिकटला म्हणजे डोंगरावरची थंडी म्हणजे काय, याचा प्रत्यय येऊ लागतो. त्या वेळी गाव दूर असते आणि अंगावर घालण्यास दुसरे काही नसते.

पदभ्रमण हा आरोग्यदायी, अल्पखर्चाचा आणि ज्ञानवर्धक छंद आहे. आपल्या जिल्ह्याची नदी कोठे उगम पावते, कोणत्या डोंगरावर कोणते झाड वाढते, कोणत्या वस्तीत कोणती बोली बोलली जाते, हे पायी चालणाऱ्यालाच नीट कळते. मात्र हा छंद निर्धोक व्हावयाचा तर त्यामागे थोडा विचार, थोडे गणित आणि योग्य पोशाख असणे आवश्यक आहे.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या भूगोलाचे वर्णन दोनच शब्दांत करतात : घाटावर आणि घाटाखाली. दक्षिणेकडील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके आणि खुद्द बुलढाणा शहर घाटावर, म्हणजे पठारावर येतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश घाटाखाली मोडतो. या दोहोंच्या मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार उभा आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत, सातपुड्याच्या रांगा मध्य प्रदेशाच्या सीमेला भिडतात.

अजिंठ्याची ही रांग म्हणजे पाणलोटाची एक मोठी सीमारेषाच आहे. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळतात आणि त्यांचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रात जाते. याच डोंगरांत बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेकडे वळते आणि तिचे पाणी अखेरीस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांना जाऊन मिळतात, हे एखाद्या विद्यार्थ्याला त्या डोंगराच्या माथ्यावर उभे करून सांगितले तर तो धडा जन्मभर स्मरणात राहील.

पदभ्रमणाच्या दृष्टीने जिल्ह्यात तीन प्रकारचे प्रदेश आहेत. पहिला अजिंठा रांगेतील बोथा आणि राजूर घाटाच्या परिसराचा. यातच १९९७ मध्ये घोषित झालेले सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. दुसरा सातपुड्याचा. तेथे संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाटच्या व्याघ्रक्षेत्राशी जोडलेले असून जळगाव जामोद तालुक्यात मैलगड हा गिरिदुर्ग उभा आहे. तिसरा लोणारच्या सरोवराचा. उल्कापातामुळे कठीण काळ्या खडकात निर्माण झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि सुमारे दीडशे मीटर खोल असून २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. इतर ठिकाणी आधी चढ आणि मग उतार असतो. लोणारला नेमके उलट आहे. तेथे ताज्या पायांनी उतरावे लागते आणि थकलेल्या पायांनी चढावे लागते. तळाशी किती वेळ रमावे याचा हिशेब या परतीच्या चढावरूनच केला पाहिजे.

थंडी नेमकी बाधते कशी

निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली उतरले की शरीराचे व्यवहार बिघडू लागतात. असे घडण्यासाठी बर्फच पडला पाहिजे, असे नाही. बाहेरचे तापमान दहा-बारा अंश असताना, अंगावरचे कपडे ओले आणि वारा जोराचा असेल, तर थकलेल्या माणसाचे शरीर तेवढ्यानेही थंड पडू शकते. थंडी, ओल आणि वारा यांची जोडी जमली की त्या तिघांचे बळ बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढते.

यामागील कारण सोपे आहे. शरीराभोवती हवेचा एक पातळ, उबदार थर असतो. वारा तो थर सतत हटवितो आणि शरीराला नवा थर तापवीत बसावे लागते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओला कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. शिवाय घाम वाळतानाही शरीराचीच उष्णता खर्ची पडते. उन्हाळ्यात जो घाम आपल्याला वाचवितो, तोच हिवाळ्यात माथ्यावरच्या वाऱ्यात आपला वैरी होतो.

उंची वाढेल तसे तापमान घटते. त्याचे सर्वसाधारण प्रमाण हजार मीटरला साडेसहा अंश असे आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. घाटाखालील गावांपेक्षा ते जवळजवळ चारशे मीटर उंच असल्याने तेथील हवा दोन-अडीच अंशांनी थंड असावी, असा हिशेब निघतो. वऱ्हाडातील थंड हवेचे ठिकाण म्हणून या शहराचा जो पूर्वापार लौकिक आहे, त्याचे मर्म यातच आहे. मात्र निरभ्र आणि निर्वात रात्री या नियमाला अपवाद घडतो. त्या वेळी जड, थंड हवा उतारावरून घरंगळत दरीत आणि नदीकाठी साचते. माथ्यापेक्षा दरीचा तळ अधिक गारठतो आणि पहाटे तेथे दाट दव पडते. म्हणून मुक्काम करावयाचा झाल्यास तो नाल्याच्या काठी न करता उतारावरील थोड्या उंच, आडोशाच्या जागी करणे हितावह ठरते.

वऱ्हाडी हिवाळ्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील मोठे अंतर. दुपारी पारा तीस अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे तो अनेकदा दहा-बारा अंशांपर्यंत, शीतलहरीत त्याहूनही खाली उतरतो. अशा हवेत एकच जाड कपडा उपयोगाचा नसतो. काढता-घालता येणारे अनेक पातळ कपडे हाच येथील योग्य पोशाख होय.

याच्या जोडीला अवकाळी पाऊस असतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले होते, हे शेतकरी विसरलेले नाहीत. डोंगरावर असताना असा पाऊस आला तर त्याचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात, याचे उदाहरण चीनमध्ये घडले. २२ मे २०२१ रोजी तेथील गान्सू प्रांतात डोंगरी धावण्याची शंभर किलोमीटरची स्पर्धा चालू असताना अचानक वादळी वारा, गारा आणि गोठविणारा पाऊस सुरू झाला. स्पर्धेत उतरलेल्या १७२ धावपटूंपैकी २१ जण मृत्युमुखी पडले. तो मे महिना होता. धावणारे सराईत होते आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि पातळ बनियन याशिवाय काही नव्हते. बुलढाण्याचे डोंगर तेवढे उंच नाहीत हे खरे. परंतु सराव आणि उत्साह हे कपड्यांची जागा घेऊ शकत नाहीत, हा त्या घटनेचा धडा सर्वत्र सारखाच लागू पडतो.

वेळेचे गणित

नियोजनाचा प्रारंभ नकाशापासून करावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५०,००० पटीच्या नकाशांवर दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा काढलेली असते. वाटेवर अशा पंधरा रेषा ओलांडाव्या लागत असतील तर चढ तीनशे मीटरचा आहे, हे घरबसल्या समजते. रेषा जेथे एकमेकींना खेटलेल्या असतात तेथे उतार तीव्र असतो.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सुचविलेला एक ठोकताळा आजही वापरात आहे. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि त्याखेरीज प्रत्येक सहाशे मीटर चढासाठी एक तास, असा तो हिशेब आहे. समजा, एखाद्या ठिकाणी जाण्यासाठी आठ किलोमीटर चालावयाचे आहे आणि चढ तीनशे मीटरचा आहे. मग जाण्यास दोन तास सहा मिनिटे आणि परत येण्यास सुमारे एक तास छत्तीस मिनिटे लागतील. एकूण तीन तास बेचाळीस मिनिटे झाली. पण हा वेग सराईत माणसाचा. शाळकरी मुलांचा किंवा नवख्यांचा गट असेल तर त्यात निम्म्याने भर घालावी. म्हणजे साडेपाच तास झाले. न्याहारी, विश्रांती आणि पाहण्यासाठी आणखी एक तास धरला, तर सकाळी साडेसातला निघालेला गट दुपारी दोनच्या सुमारास परत पोचतो.

डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दरीत त्याच्याही आधी सावली पडते. म्हणजे हाताशी जेमतेम पावणेअकरा तासांचा उजेड असतो. वरील उदाहरणात परतल्यानंतरही पावणेचार तास शिल्लक उरतात. ही शिल्लक म्हणजे आळसाला दिलेली सवलत नव्हे. एखाद्याचा पाय मुरगळला किंवा वाट चुकली तर कामी येणारी ती राखीव गंगाजळी होय. म्हणून निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवावी आणि ती झाली की माथा दहा मिनिटांवर असला तरी माघारी वळावे. डोंगर आपल्या जागीच राहणार आहे.

अस्वलांचे रान

डोंगरात पहाटे अंधारातच निघावे, असे गिरिभ्रमणाच्या पुस्तकांत सांगितलेले असते. बुलढाण्याच्या जंगलांना मात्र हा नियम लागू करता येत नाही. ज्ञानगंगेचे रान अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे. बिबट्याचाही तेथे वावर आहे. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेला एक तरुण वाघ तेलंगणाच्या हद्दीतून फिरत, सुमारे तेराशे किलोमीटरची वाट तुडवून ज्ञानगंगेत येऊन पोचला होता. हे रान जिवंत आहे, याची ती मोठी साक्ष होती.

अस्वलाचे नाक तीक्ष्ण असते. त्या मानाने त्याची नजर मंद असते. ते खाण्यात गुंतलेले असताना माणूस अकस्मात अगदी जवळ गेला, तर घाबरून ते चाल करून येते. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या फिरण्याच्या वेळा. हिवाळ्यात बोरे पिकतात आणि ती त्याला आवडतात. दिवसा ते खडकांच्या कपारीत किंवा दाट झुडपांत विसावते. म्हणून सूर्य उगवल्यावरच निघावे, सूर्यास्तापूर्वी रानाबाहेर पडावे, एकट्याने हिंडू नये, बोरीच्या जाळ्यांत आणि कपारींत डोकावू नये आणि वळणावरून जाताना आपापसांत बोलत जावे. बोलण्याचा आवाज पुढे गेला की अस्वल बहुधा स्वतःच वाट सोडून देते.

अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. ती केवळ एक औपचारिकता समजू नये. कोणत्या भागात पिलावळीची मादी आहे, कोणता पाणवठा आटला आहे, कोणती वाट बंद केली आहे, याची माहिती वनरक्षकांना आणि स्थानिक मार्गदर्शकांना असते. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात राहणारे आदिवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या या वाटा तुडवीत आले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला वाटाड्या म्हणून सोबत घेतल्याने गटाची सुरक्षितता वाढते आणि त्या कुटुंबाला चार पैशांची प्राप्तीही होते.

शेकोटी का नको

थंडी म्हटली की शेकोटी आलीच. परंतु अभयारण्यात विस्तव पेटविण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. त्यामागे सबळ कारण आहे. दिवाळीनंतर येथील गवत पिवळे पडते आणि जानेवारी उजाडेतो ते काडीसारखे वाळते. सागाच्या गळलेल्या पानांचा जाड थर जमिनीवर पसरलेला असतो. विझली असे वाटणारी एखादी ठिणगी रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा फुलते आणि पाहता पाहता टेकडीच्या टेकडी पेट घेते. शिवाय धुराने कड्यावरची आग्यामोहोळे उठतात, ती वेगळीच.

याचा अर्थ स्पष्ट आहे. रानात ऊब मिळविण्याचे बाहेरचे साधन उपलब्ध नाही. जी काही ऊब असेल ती अंगावर आणि पाठीवरच्या पिशवीत घेऊनच निघाले पाहिजे. पोशाखाचे महत्त्व या एका कारणाने दुप्पट होते.

पोशाखाचे तीन थर

कपडे स्वतः ऊब निर्माण करीत नाहीत. ते शरीराची ऊब केवळ अडवून धरतात आणि हे काम त्यांच्यात व त्यांच्यामध्ये अडकलेली स्थिर हवा करते. यामुळेच एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ स्वेटर अधिक उबदार ठरतात.

पहिला थर त्वचेलगतचा. त्याचे काम घाम टिपून बाहेर सोडणे हे होय. सुती बनियन घाम पिते, पण तो सोडीत नाही आणि तासन्‌तास ओले राहते. त्याऐवजी खेळाडू वापरतात तसा लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा बनियन किंवा पातळ लोकरी बनियन घालावा. सुती बनियनच घालावयाचा असेल तर दुसरा कोरडा बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत ठेवावा आणि माथ्यावर पोचताच, अंग गार पडण्यापूर्वी, तो बदलावा. हा उपाय जवळजवळ बिनखर्चाचा असून त्याचा लाभ फार मोठा आहे.

दुसरा थर ऊब धरणारा. यासाठी लोकरीसारखे वस्त्र नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा शोषून घेते, तरी हाताला फारशी ओली लागत नाही आणि ओलसर असतानाही काही ऊब राखते. धनगर बांधव ऊन, पाऊस आणि थंडी या तिन्ही ऋतूंत एकच घोंगडी खांद्यावर वागवितात, त्यामागे हाच अनुभव आहे. घोंगडी चालताना जड होते, पण मुक्कामाच्या ठिकाणी अंथरण्यास आणि पांघरण्यास तिच्या तोडीची वस्तू क्वचितच सापडेल.

तिसरा थर वारा आणि पाऊस अडविणारा. विंडचीटर असल्यास उत्तमच. नसल्यास पावसाळ्यात वापरला जाणारा साधा रेनकोटही हे काम करतो. मात्र चढताना तो अंगावर ठेवू नये, कारण त्याच्या आत घाम कोंडतो. वारा लागला किंवा पाऊस आला की तो चढवावा.

या तिन्ही थरांचा वापर कधी आणि कसा करावा, यातच खरे कौशल्य आहे. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांच्या चालीने अंग तापते. निघतानाच उबदार वाटत असेल तर अर्ध्या चढावर घामाच्या धारा लागणार, हे निश्चित समजावे. उलट थांबताना घाम सुकण्याची वाट न पाहता ताबडतोब स्वेटर अंगावर घ्यावा. थोडक्यात सांगावयाचे तर चढताना काढावे, थांबताना घालावे.

डोक्यावाटे शरीराची निम्मी उष्णता निघून जाते, असे सांगण्यात येते. त्यात अतिशयोक्ती आहे. डोके शरीराच्या पृष्ठभागाचा जेवढा लहान हिस्सा आहे, त्याच प्रमाणात त्यातून उष्णता जाते. तरीही बाकीचे अंग झाकलेले असताना उघडे राहिलेले डोके आणि कान गारठतात हे खरे. कानटोपी, मफलर किंवा शेतकऱ्याच्या खांद्यावरचे उपरणे यांपैकी काहीही जवळ असले की काम भागते. हातमोज्यांऐवजी लोकरी पायमोज्यांचा जादा जोड हातांत घालता येतो.

दव, कुसळ आणि पादत्राणे

बुलढाण्याच्या माळावर हिवाळी वाटसरूला सर्वाधिक त्रास देते ते कुसळी गवत. त्याची टोकदार कुसळे लोकरी मोज्यांत आणि स्वेटरात अशी रुततात की ती काढता काढता अर्धा तास जातो, आणि त्वचेत शिरली तर जखम चिघळते. म्हणून लोकर आत आणि गुळगुळीत, घट्ट विणीचे कापड बाहेर, असा क्रम येथे पाळावा. पँटही अशाच कापडाची असावी. जाड सुती जीनची पँट गवतातून टिकते खरी, पण सकाळच्या दवात गुडघ्यापर्यंत भिजली की दुपारपर्यंत वाळत नाही. पोलीस आणि सैनिक पूर्वी पायांना गुंडाळीत तशा कापडी पट्ट्या घोट्यापासून पोटरीपर्यंत बांधल्या, तर दव आणि कुसळ दोन्ही अडतात. जुन्या चादरीच्या पट्ट्या यासाठी पुरतात.

पादत्राण घोट्याला आधार देणारे, तळव्याला नक्षी असलेले आणि आधी निदान दोन आठवडे वापरून मऊ केलेले असावे. नवा बूट सहलीच्या दिवशीच प्रथम घालणे म्हणजे फोडांना निमंत्रण देणे होय. मोज्यांचे दोन जोड घालता येतील एवढी जागा बुटात असावी. बूट आवळला की रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गारठतात. उतरताना मुरमावर आणि सागाच्या वाळक्या पानांवर पाय घसरतो. यासाठी हातात एक सरळ काठी असावी.

शिदोरी आणि पाणी

थंडीत शरीराला ऊब राखण्यासाठी अधिक इंधन लागते. भाकरी आणि ठेचा ही आपली शिदोरी उत्तम आहेच. तिच्या जोडीला शेंगदाणे, गूळ, फुटाणे आणि तिळाचे लाडू खिशात ठेवून दर तासाला थोडे थोडे खात जावे. संक्रांतीच्या दिवसांत तीळ आणि गूळ खाण्याची प्रथा ऋतूला किती अनुरूप आहे, हे डोंगरावर विशेष पटते. हिवाळ्यात तहान कमी लागते, पण पाणी तेवढेच लागते. दिवसभरासाठी माणशी किमान दोन ते तीन लिटर पाणी न्यावे आणि रानातील पाणवठ्यावर विसंबू नये. मद्याने थंडी पळते हा समज घातक आहे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीराच्या गाभ्यातील उष्णता बाहेर निघून जाते.

संकटाची चाहूल

शरीर गारठू लागल्याचे पहिले लक्षण म्हणजे न थांबणारी थरथर. त्यानंतर बोटांना गुंडी लावता येत नाही, पाय अडखळतात, बोलणे जड होते, माणूस चिडचिडा किंवा उदासीन होतो आणि मागे रेंगाळू लागतो. त्याला स्वतःला आपले काही बिघडले आहे, हे कळत नाही. म्हणून सोबत्यांनीच परस्परांवर लक्ष ठेवले पाहिजे. शरीर गार असताना थरथर एकाएकी थांबली, तर ती सुधारणा न समजता गंभीर धोक्याची सूचना मानावी.

अशा माणसाला प्रथम वाऱ्याच्या आडोशाला न्यावे. ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत. जमिनीतूनही थंडी शिरते, म्हणून त्याच्या खाली घोंगडी, दोर किंवा रिकाम्या पिशव्या अंथराव्यात. छाती, मान आणि डोके आधी झाकावे. तो शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तर कोमट, गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, कडकडीत पाण्याने शेकू नयेत आणि त्याला एकट्याने चालू देऊ नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक प्रत्येकाच्या स्मरणात असावेत. मात्र दऱ्यांत भ्रमणध्वनीला संपर्क मिळेलच असे नाही. म्हणून कोठे जाणार, कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे एका कागदावर लिहून तो गावातील जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा. ठरल्या वेळेनंतर शोध कोठून सुरू करावयाचा, हे त्या कागदावरून कळते.

शाळांच्या सहली

या सर्व सूचनांचे महत्त्व शाळांच्या सहलींच्या बाबतीत सर्वाधिक आहे. लहान शरीर मोठ्या शरीरापेक्षा लवकर थंड होते आणि मूल आपली अडचण सांगण्यास संकोचते. सर्व मुलांकडे स्वेटर असतीलच असे नाही. शिक्षकांनी आदल्या दिवशी प्रत्येकाची पिशवी पाहावी आणि ज्याच्याकडे गरम कपडा नसेल त्याला तो चारचौघांत न बोलता मिळवून द्यावा. केवळ कपड्याअभावी एखादे मूल सहलीला मुकू नये, तसेच ते डोंगरावर कुडकुडतही राहू नये.

चालण्याची शिस्त या जिल्ह्याला नव्याने शिकविण्याची गरज नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी शेकडो किलोमीटरची वाट पायी चालून जाते. तिच्या पुढे पताका असतात, प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि कोणी मागे राहिले तर ते लगेच ध्यानात येते. तीच पद्धत डोंगरावर पाळावी. वाट माहीत असलेली व्यक्ती सर्वांत पुढे, अनुभवी शिक्षक सर्वांत मागे आणि सर्वांत सावकाश चालणारे मूल पुढच्या व्यक्तीच्या लगेच पाठी असावे. त्या मुलाचा वेग तोच संपूर्ण गटाचा वेग. निघताना, प्रत्येक थांब्यावर आणि परतल्यावर मुलांची मोजणी करावी.

चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये राज्य शासनाच्या मिशन शौर्य उपक्रमांतर्गत एव्हरेस्टचे शिखर गाठले. उन्हाच्या तडाख्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील मुले जगातील सर्वोच्च हिमशिखरावर उभी राहिली, त्यामागे धैर्याइतकीच पद्धतशीर तयारी होती. बुलढाण्यातील प्रत्येक विद्यार्थ्याने एव्हरेस्ट चढावे अशी अपेक्षा नाही. परंतु आपल्या जिल्ह्याचा पाणलोट, आपले रान आणि आपला गड त्याने स्वतःच्या पायांनी पाहावा, आणि संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी सुखरूप घरी परतावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी लागणारी सामग्री बहुतेक घरांत आजही आहे : दोन पातळ स्वेटर, एक कोरडा बनियन, एक कानटोपी, पावसाळ्यातला रेनकोट, गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी आणि परत फिरण्याची आधी ठरवून ठेवलेली वेळ.